विजेत्यांना सोडून तळाच्या संघात: केलिन पोंगाचा निर्णय आणि आमच्या घरातला प्रश्न

हंटरकाठ

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा धागा काढतोय, कारण घरात एक प्रश्न आलाय आणि तो ज्या खेळातला आहे त्याबद्दल मराठीत बोलायला मला आजवर कुणी भेटलेलं नाही.

आम्ही ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलला राहतो. सिडनीच्या उत्तरेला गाडीने दोन-सव्वादोन तास, हंटर नदीच्या मुखाशी वसलेलं कोळशाचं बंदर. मुलगा सोळाचा आहे, अकरावीत. आठव्या वर्षापासून रग्बी लीग खेळतो, जागा फुलबॅकची. गेल्या महिन्यात सिडनीच्या एका नामांकित क्लबाने त्याला त्यांच्या कुमार संघात यायचं विचारलं. हो म्हटलं तर शाळा बदलणार, एका अनोळखी कुटुंबात राहायला लागणार. बायकोची झोप उडालीय. माझीही.

या निमित्ताने मला केलिन पोंगाची गोष्ट सांगायचीय. मुलाने खेळायला सुरुवात केली ती त्याच्यामुळे.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रग्बीचे दोन पंथ, युनियन आणि लीग. युनियन पंधरा जणांचा, लीग तेरा जणांचा. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या एका हॉटेलात तिथल्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. खाणीत नि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंची सामन्यापायी रोजी बुडायची आणि ती भरून द्यायला मूळ संघटना तयार नव्हती, हे भांडणाचं मूळ. म्हणजे हा खेळ जन्मापासून कामगारांचा. कबड्डी खेळलेल्या माणसाला तो लवकर कळतो. चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसायचं, ते तुम्हाला पकडून खाली पाडणार, उठून पुन्हा चेंडू खेळायचा. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. फुलबॅक, म्हणजे एक नंबरची जर्सी, सगळ्यांच्या मागे एकटा उभा असतो. कुणी भिंत फोडून आला तर त्याला अडवणारा शेवटचा माणूस तोच. उंच उडवलेला चेंडू झेलायचा त्यानेच, आणि आपला संघ पुढे सरकत असताना फट कुठे पडतेय ते हेरून तिथे घुसायचं तेही त्यानेच.

पोंगा १९९८चा. जन्म पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंडचा, वडील माओरी. लहानपणाची काही वर्षं न्यूझीलंडमध्ये गेली, मग क्वीन्सलंड. २०१६ च्या प्लेऑफमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजकडून पहिल्यांदा मैदानात उतरला. काउबॉइज तेव्हा आदल्या वर्षीचे विजेते होते, त्यांच्याकडे जोनाथन थर्स्टनसारखा मोठा तारा होता. अशा घरात पाय रोवायला मिळणं म्हणजे कुठल्याही पोराला स्वर्ग.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बातमी आली की पोंगा २०१८ पासून न्यूकॅसल नाइट्सकडे जाणार.

तेव्हाचे नाइट्स म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. २०१६ चा मोसम: २४ सामने, १ विजय, १ बरोबरी, २२ पराभव. गुणतक्त्यात शेवटच्याला इथे 'वूडन स्पून' म्हणतात, लाकडी चमचा. तो २०१५, २०१६ आणि २०१७, असा सलग तीन वर्षं आमच्याच वाट्याला आला. क्लबाला धड मालकही नव्हता. २०११ साली एका खाणमालकाने तो विकत घेतला, त्याचा डोलारा कोसळला आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय लीगलाच क्लब ताब्यात घ्यावा लागला. स्थानिक वेस्ट्स समूहाकडे तो गेला २०१७ च्या अखेरीस. पोंगाने सही केली तेव्हा नवा मालक ठरलेला नव्हता.

मला ही गोष्ट वेडेपणाची कधीच वाटली नाही. काउबॉइजकडे एक नंबरवर लॅकलन कूट होता, विजेत्या संघाचा फुलबॅक. पोंगा तिथे एकूण नऊ सामने खेळला. न्यूकॅसलने त्याला सांगितलं, एक नंबर तुझा. मोठ्या घरात रांग असते, पडक्या घरात जागा असते. त्याने जागा निवडली.

आता आमच्याकडे नेमकं उलटं आहे: पोराला मोठ्या घरातून बोलावणं आलंय. तुम्ही काय केलं असतं?

माणदेशी

धागा आवडला. हा खेळ कधी पाहिलेला नाही, पण तुमच्या वर्णनावरून रात्री दोन सामने पाहिले. अंगावर काटा आला.

एक शंका, राग मानू नका. पैसे किती मिळाले ते तुम्ही लिहिलं नाहीत. अठरा वर्षांच्या मुलाला तळाचा संघ जर काउबॉइजपेक्षा दुपटी-तिपटीने पैसे देत असेल, तर यात धाडस ते कसलं? धोका क्लबाने घेतला. आमच्याकडे दुष्काळी भागातली पोरं भरतीसाठी धावतात, त्यांचा धोका खरा. एक वर्ष गेलं की वयाची अट ओलांडली.

हंटरकाठ

राग कशाचा, रास्त प्रश्न आहे. बातम्यांत आकडा होता चार वर्षांचे सुमारे तीस लाख डॉलर. तोवर दोनच सामने खेळलेल्या पोरासाठी प्रचंड. इथे प्रत्येक क्लबाला खेळाडूंवर खर्च करायची एकच ठरलेली मर्यादा असते, म्हणजे श्रीमंत क्लब वाटेल तेवढे पैसे ओतू शकत नाही. त्यामुळे एकाला इतकं दिलं की बाकीच्यांसाठी तेवढं कमी उरतं, आणि तो चालला नाही तर सगळं गाव त्या आकड्याने त्याला ओळखतं. पैसे सुरक्षित होते, हे मान्य. पण या वयात खेळाडूजवळ पैशाहून मोठी ठेव असते ती शिकण्याची तीन-चार वर्षं. रोज हरणाऱ्या संघात ती वाया जाऊ शकतात. पुढची फळी कमजोर असली की फुलबॅकला चेंडू मिळतो तो मागे सरकत असताना, अंगावर तीन-तीन माणसं येत असताना. हुशार पोरं त्यात बिघडताना मी गेल्या आठ वर्षांत बघितली आहेत.

भरतीच्या पोरांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. तुलना करायचा माझा हेतू नव्हता.

टाउन्सव्हिलची_मीरा

मी काउबॉइजच्या गावची! धाग्याचं नाव वाचून उडीच मारली. अकरा वर्षं टाउन्सव्हिलला आहे, नवरा इथल्या रुग्णालयात.

आमची बाजू पण ऐका. २०१५ चा अंतिम सामना आम्ही शेजाऱ्यांच्या अंगणात पाहिला. ब्रिस्बेन पुढे, शेवटच्या क्षणी काइल फेल्टने कोपऱ्यात ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला, बरोबरी. ट्रायनंतरची थर्स्टनची किक खांबाला लागून परत आली तेव्हा शेजारच्या आजी अक्षरशः मटकन खाली बसल्या. मग जादा वेळेत त्यानेच ड्रॉप गोल, म्हणजे एका गुणाची किक, मारला, १७-१६. क्लबाचं पहिलं विजेतेपद. अख्खं शहर रस्त्यावर होतं. सिडनी-ब्रिस्बेनवाल्यांना उत्तर क्वीन्सलंड म्हणजे ऊस, वादळं आणि सैन्याची छावणी एवढंच माहीत असतं, त्यांना त्या रात्री आमचं नाव घ्यावं लागलं.

आणि पुढच्याच वर्षी हा पोरगा येतो, दोन सामन्यांत दाखवून देतो की देवाने याचे पाय वेगळ्या मातीचे केलेत, आणि म्हणतो मी चाललो. इथे लोक फार दुखावले. थर्स्टननंतर हाच, असं सगळ्यांनी मनात धरलं होतं. २०१७ चं पूर्ण वर्ष तो 'जाणारा' म्हणून आमच्याकडे खेळला. त्या वर्षी थर्स्टन जखमी असूनही संघ आठव्या क्रमांकावरून अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि मेलबर्नकडून ३४-६ असा हरला. त्या तेरा जणांत पोंगा नव्हता. मला आजही वाटतं, तो थांबला असता तर कूटनंतर जागा त्याचीच होती. दोन वर्षांची कळ काढायची होती फक्त.

हंटरकाठ

मीराताई, तुमचं दुःख समजतं. पण २०१८ चा तक्ता बघा. थर्स्टनचं निरोपाचं वर्ष, काउबॉइज तेरावे. नाइट्स अकरावे. ज्या जहाजातून तो उतरला ते दोन वर्षांत वाळूत रुतलं आणि ज्या फुटक्या होडीत चढला ती तरंगायला लागली. हे २०१६ साली कुणाला दिसत होतं? कुणालाच नाही, त्यालाही नाही. 'विजेता संघ' हे लेबल मागच्या वर्षाचं असतं, करार पुढच्या चार वर्षांचा, हे मी त्यातून शिकलो.

मार्च २०१८ चा तो पहिला सामना आम्ही स्टेडियममध्ये होतो. समोर सिडनीचा मॅन्ली संघ. मुलगा माझ्या खांद्यावर. बरोबरी झाली, जादा वेळ आला आणि मिचेल पिअर्सच्या एका गुणाच्या किकने १९-१८ असे जिंकलो. पोंगा चेंडू घेऊन निघाला की सगळं स्टेडियम एकदम उभं राहायचं. तीन वर्षं मान खाली घालून घरी जाणाऱ्या माणसांचा तो आवाज होता. माझ्या शेजारी जुन्या पोलाद कारखान्यातला एक निवृत्त कामगार बसला होता, तो रडत होता.

कारखान्याचं सांगायलाच हवं. १९९७ च्या एप्रिलमध्ये बीएचपी कंपनीने जाहीर केलं की न्यूकॅसलचा पोलाद कारखाना बंद होणार. या गावाच्या तीन पिढ्या त्या भट्ट्यांवर जगलेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नाइट्सने मॅन्लीविरुद्ध अंतिम सामना जिंकला, २२-१६, शेवटच्या सहा-सात सेकंदांत अँड्र्यू जॉन्सने पास दिला आणि डॅरेन अल्बर्टने ट्राय केला. क्लबाचं पहिलं विजेतेपद. दुसरं २००१ चं. त्यानंतर आजतागायत नाही. कारखाना १९९९ ला बंद झाला. लोक अजून वर्ष सांगताना 'सत्त्याण्णवच्या आधी', 'सत्त्याण्णवनंतर' असं सांगतात. एकोणीस वर्षांचं पोर या गावात आलं तेव्हा त्याच्या खांद्यावर काय काय आलं असेल, विचार करा.

पेठेतला

वाह दादा. हे वाचून कोल्हापूरच आठवलं बघा.

आमच्याकडं फुटबॉल पेठांचा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. शाहू स्टेडियमला सामना असला की अर्धं गाव एका बाजूला, अर्धं दुसऱ्या. एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून खेळायला गेला तर काय होतं ते मी बघितलंय. माझा चुलतभाऊ गेला होता. आमच्या चुलत्यांशी कट्ट्यावर महिनाभर कुणी बोललं नव्हतं. नाव नको. पण त्याला विचारलं तर म्हणायचा, इथं मी राखीव म्हणून बसून म्हातारा होणार, तिथं पहिल्या अकरात हाय.

आणि सिद्धार्थ देसाईचं उदाहरण घ्या. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ ला यू मुंबाकडून प्रो कबड्डीत पहिलाच मोसम आणि चढाईत दोनशेच्या वर गुण! पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाखाला घेतलं. संघ पडका. तिथंही गड्यानं पुन्हा दोनशेच्या वर गुण काढले, पण संघ बारांत अकरावा. सगळा भार एकट्याच्या अंगावर. नंतर खांदा गेला आणि पुढचा मोसम दोन-चार सामन्यांतच संपला. आम्ही घरी टीव्हीपुढं बसून हळहळायचो. पुढं हरियाणा स्टीलर्सकडून खेळला, तो संघ फायनलला गेला ती गोष्ट वेगळी.

फरक एवढाच की लिलावात खेळाडूला विचारत नाहीत. पोंगानं स्वतः निवडलं. पण पडक्या संघात चांगल्या गड्याचं अंग झिजतं, हे तुमच्या त्या 'जागा असते'ला जोडून लिहा.

नेहा_पुणे

+१. शेवटच्या वाक्याला विशेष.

यॉर्कशायरकर

मी ब्रॅडफर्डजवळ राहतो, खेळाच्या जन्मभूमीत. इथलं एक उदाहरण, कारण 'आहे तिथेच राहणं सुरक्षित' हा समज इतक्या वाईट रीतीने मोडलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

सॅम बर्जेस ड्यूजबरीचा. सतराव्या वर्षी, २००६ ला, ब्रॅडफर्ड बुल्सकडून उतरला. बुल्स म्हणजे तेव्हाचे बलाढ्य, १९९७, २००१, २००३, २००५ असे चार वेळा सुपर लीग, म्हणजे इथली अव्वल स्पर्धा, जिंकलेले. २००७ मध्ये त्याचे वडील मोटर न्यूरॉन आजाराने गेले. चार भाऊ, आई. आणि २०१० मध्ये, एकविसाव्या वर्षी, हा मुलगा जगाच्या दुसऱ्या टोकाला, साउथ सिडनी क्लबाकडे गेला. साउथ सिडनीने शेवटचं विजेतेपद घेतलं होतं १९७१ ला. इंग्लंडचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचे खेळाडू, तिकडच्या वेगात आणि उन्हात टिकणार नाहीत असं इथे पबमध्ये ठामपणे सांगणारी माणसं होती.

पुढे काय झालं ते लीगच्या पोरांना पाठ आहे. आधी एकेक करून तिन्ही भाऊ त्याच्यामागे गेले, २०१३ मध्ये चौघे भाऊ एकाच सामन्यात एकाच जर्सीत खेळले. २०१४ च्या अंतिम सामन्यात पहिल्याच टक्करीत सॅमच्या गालाचं हाड मोडलं. तो उरलेली ऐंशी मिनिटं तसाच खेळला, साउथ सिडनी ३०-६ असा जिंकला, सामन्याचा मानकरी तोच. ४३ वर्षांनी.

आणि ब्रॅडफर्ड? कर्ज, प्रशासक, पुन्हा कर्ज. जानेवारी २०१७ मध्ये जुनी कंपनी गुंडाळली गेली, नवी काढून क्लब खालच्या विभागात पुन्हा उभा करावा लागला. मी त्या थंडीत क्लबाच्या ऑड्सल मैदानाच्या बंद फाटकाबाहेर उभा राहिलेलो आहे. सॅम 'सुरक्षित' जागी राहिला असता तर त्याचं छप्पर असं गेलं असतं.

अर्थात त्यानेच २०१४ नंतर युनियनमध्ये बाथला जायचा जो निर्णय घेतला तो फसला. वर्षभरात परत साउथ सिडनीला. म्हणजे तोच माणूस, तीच हिंमत, एक डाव लागला, एक नाही.

कविता_एमडी

मी खेळातली जाणकार नाही, मेंदूविकारांच्या विभागात काम करते. सगळे गौरवाने 'हाड मोडलं तरी खेळला' लिहिताय म्हणून थोडं लिहिते. ज्या मुलाबद्दल हा धागा आहे तो सोळा वर्षांचा आहे.

पोंगाबद्दल मी शोधून वाचलं. २०२२ च्या जुलैमध्ये सहा आठवड्यांत तिसऱ्यांदा डोक्याला मार बसून मेंदूला हिसका बसला आणि उरलेला मोसम त्याला बाहेर बसवलं. २०२३ मध्ये चेंडू त्याच्या हाती अधिक वेळा यावा म्हणून त्याला मागून काढून पुढे, फाइव्ह-एट म्हणजे हल्ल्याची सूत्रं हलवणाऱ्याच्या जागी आणलं, आणि दुसऱ्याच फेरीत तिथे टॅकल करताना पुन्हा तेच. त्याला तपासणीसाठी कॅनडाला तज्ज्ञांकडे पाठवलं. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता, आणि खेळ सोडावा लागेल का अशी चर्चा वर्तमानपत्रांत चालू होती.

त्याच वर्षी तिथल्या लीगने नियम केला की निदान झालेल्या खेळाडूला किमान ११ दिवस बाहेर ठेवायचं. ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक सूचना मुलांसाठी अधिक कडक आहे: सलग १४ दिवस काहीही लक्षण नको, मगच अंगाला भिडणारा सराव, आणि सामना किमान २१ दिवसांनी. हा काळ खरोखर पाळला जातो का, हा तुमच्या मुलाच्या बाबतीतला पहिला प्रश्न हवा. जिथे जागेसाठी तीन मुलं रांगेत आहेत तिथे मूल लक्षणं लपवतं. डोकं दुखतंय म्हटलं तर जागा जाईल, ही भीती. मी असे तीन पेशंट तपासले आहेत, एक फुटबॉलचा, दोन कबड्डीचे. तिघांनीही आईला सांगितलं नव्हतं.

डोक्यावरची मऊ टोपी कापण्या-खरचटण्यापासून वाचवते. आत मेंदूला बसणारा हिसका तिने थांबतो असा भक्कम पुरावा नाही.

हंटरकाठ

कविताताई, तुमचा प्रतिसाद बायकोने दोनदा वाचला, मग मला मोठ्याने वाचून दाखवला.

मी मूळ लेखात हे टाळलं होतं, हे कबूल करतो. त्या २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या घरात सुतक असल्यासारखं होतं. मुलगा तेरा वर्षांचा, विचारायचा, 'बाबा, तो आता खेळणारच नाही का?' मला उत्तर देता यायचं नाही. खेळू नये असंच मला तेव्हा वाटत होतं.

पुढचं सांगतो. तो परतला, त्याला पुन्हा मागे एक नंबरवर ठेवलं, क्वीन्सलंडच्या संघातून त्या वर्षी त्याने स्वतः नाव मागे घेतलं. ओरिजिन, म्हणजे क्वीन्सलंड विरुद्ध न्यू साउथ वेल्स, या सामन्यांचा मान इकडे काय असतो ते मीराताई सांगतील. क्लबाकडे लक्ष द्यायचंय म्हणाला. मोसमाच्या मध्यावर नाइट्स तळाकडे होते. तिथून सलग नऊ सामने जिंकले, पाचवे आले. कॅनबेराविरुद्धचा बादसामना आमच्या गावात झाला, जादा वेळेत ३०-२८. त्या रात्री हंटर स्ट्रीटवर लोक नाचत होते. पुढच्या आठवड्यात ऑकलंडला वॉरियर्सनी ४०-१० असं धुतलं, पण त्या वर्षीचं डॅली एम पदक, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं, पोंगाला मिळालं. ५६ मतं, दुसऱ्याला ५५. आमच्या क्लबात त्याआधी ते जॉन्स आणि बडेरसलाच मिळालं होतं.

पेठेतले दादा, अंग झिजतं हे खरंच. तुमचं वाक्य मी मूळ लेखात असायला हवं होतं असं मानतो.

माणदेशी

पण शेवटी हिशेब काय? माझा पुतण्या तिकडे शिकतो, त्याने सांगितलं की २०२५ ला नाइट्स पुन्हा शेवटचे. मग आठ वर्षांत काय कमावलं? आलो तेव्हा चमचा, आताही चमचा.

टाउन्सव्हिलची_मीरा

माणदेशी, मी काउबॉइजवाली आहे तरी याला विरोध करते. २०२० आणि २०२१ ला ते प्लेऑफला गेले, २०१३ नंतर पहिल्यांदा. २०२३ तर वर लिहिलंच आहे. २०२४ ला पुन्हा गेले आणि तिथे त्यांना हरवलं कुणी? आम्ही, २८-१६, आमच्याच मैदानात! पोंगा आमच्यासमोर मान ताठ ठेवून खेळला. सामन्यानंतर माझ्या शेजारची तीच आजी म्हणाली, पोरगा आपला होता.

आणि २०२२ ला त्याला सोडून जायची संधी होती. नवा डॉल्फिन्स क्लब उभा राहत होता, वेन बेनेटसारखा प्रशिक्षक त्याच्या मागे होता, क्वीन्सलंडमध्ये घराजवळ. त्याने २०२७ पर्यंत न्यूकॅसललाच राहायचा करार केला. जो अठराव्या वर्षी आमच्याकडून निघून गेला म्हणून मी रागावले होते, तोच चोविसाव्या वर्षी दुसऱ्या गावाला सोडायला तयार नव्हता. त्या दिवशी माझा राग गेला. २०२५ चा चमचा त्या एकट्याच्या गळ्यात घालू नका, तेरा जण खेळतात.

यॉर्कशायरकर

अनुमोदन. शिवाय तळाचा संघ आता उलट्या बाजूने तोच डाव खेळतोय. न्यूकॅसलने सिडनीच्या पॅरामॅटा क्लबातल्या डिलन ब्राउनला २०२६ पासून दहा वर्षांसाठी घेतलंय, बातम्यांप्रमाणे सुमारे एक कोटी तीस लाख डॉलरवर. दहा वर्षं! पोंगाचे चार त्यापुढे काहीच नाहीत.

सुलभा_काकू

मला खेळातलं काही कळत नाही. सगळा धागा वाचला. एवढे मोठे प्रतिसाद झाले, पण त्या मुलाला कुणी विचारलं का? त्याला काय हवंय?

माझ्या धाकट्याला आम्ही दहावीनंतर लातूरला ठेवला होता, क्लाससाठी. सगळ्यांनी सांगितलं म्हणून. दोन वर्षं तो फोनवर 'बरं आहे' म्हणायचा. बरं नव्हतं. त्याने मला ते अठ्ठावीस वर्षांचा झाल्यावर सांगितलं. मी त्या मुलाच्या आईसाठी लिहितेय.

हंटरकाठ

काकू, तुमचा प्रतिसाद आल्यावर आम्ही तिघं टेबलावर बसलो. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून आईने सगळा धागा मोठ्याने वाचला. दीड तास लागला. लातूरचं वाचताना तिचा आवाज गेला तेव्हा पुढचं त्यानेच अडखळत वाचलं.

मग त्याने विचारलं, 'त्या क्लबात माझ्या वयाचे फुलबॅक किती आहेत?' मला माहीत नव्हतं. पत्र आल्यापासून मी शाळा, राहायची सोय, गाडीभाडं सगळं विचारलं होतं, हे सोडून. पोंगावर एवढं लिहिलं आणि त्याच्या गोष्टीतला पहिला प्रश्न, जागा आहे का, तोच मी विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः फोन केला. समोरच्या प्रशिक्षकांनी खरं उत्तर दिलं, त्यांचे मी मनापासून आभार मानतो: तीन आहेत, तिघेही मोठे, पहिलं वर्ष तुला विंगवर, म्हणजे कडेच्या जागी, खेळवू. मग त्याने कविताताईंचा प्रश्न विचारला, डोक्याला लागलं तर किती दिवस. '२१, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही.' तेही उत्तर चांगलं होतं.

तो म्हणाला, मला विंगवर जायचं नाही, मला मागे उभं राहायचंय. इथल्या आमच्या कुमार संघात या वर्षी एक नंबर त्याचा आहे. संघ गेल्या मोसमात शेवटून दुसरा आला. त्याने सिडनीला कळवलंय की यंदा येत नाही, पुढच्या वर्षी परत बघायला या. ते येतील की नाही माहीत नाही. मी त्याला थांब म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. बायको काल रात्री झोपली.

मीराताई, जूनमध्ये काउबॉइज इकडे खेळायला आले तर घरी जेवायलाच या, नवऱ्यालाही आणा. आणि पेठेतले दादा, चुलतभावाला माझा नमस्कार सांगा. त्याचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

पेठेतला

सांगतो की. चार वर्षं तिकडं खेळला, पहिल्या अकरातच. मग गुडघा गेला. आता आमच्याच पेठेत बारक्या पोरांना शिकवतो, रोज पहाटे साडेपाचला, गांधी मैदानात. चुलते डबा घेऊन जातात त्याचा.